गाण्याच्या नावाखालची बारीक अक्षरं

'ब्लॅक माउंटन साइड' लागलं की आमच्यात कुणीतरी एकजण "हे बर्ट जान्शचं आहे बरं का" असं म्हणणारच. दोन मिनिटांचा तुकडा आहे हो तो, लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवरचा, जानेवारी १९६९ चा, गिटार आणि तबला, शब्द नाहीत काही नाहीत, खाली नाव त्यांच्या गिटारवाल्या जिमी पेजचं, आणि तेवढ्यावरून आम्ही अख्ख्या रात्री भांडलेलो आहोत. एक पार्टी म्हणते चोर आहेत साले. दुसरी म्हणते अरे फोक आहे ते, लोकसंगीत, फोक कुणाच्या बापाचं नसतं. आणि एखादा शहाणा काहीच न बोलता आवाज वाढवतो. मला या दोन्ही पार्ट्या अर्ध्याच पटतात, ते का ते एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं, कारण बोलायला लागलं की कुणी पूर्ण ऐकून घेत नाही.

तर आधी त्या दोन मिनिटांचंच घेऊ. बर्ट जान्श हा ग्लासगोत जन्मलेला, एडिंबरामध्ये वाढलेला गिटारवाला, साठच्या दशकात लंडनच्या फोक क्लबांमध्ये त्याचा दबदबा होता. त्यानं १९६६ साली 'जॅक ओरायन' अल्बमवर 'ब्लॅकवॉटरसाइड' नावाचं गाणं गायलं. गाणं आयर्लंडकडचं, मुलीला फसवून निघून गेलेल्या माणसाचं, असली गाणी तिकडे ढिगानं. जान्शला ते मिळालं अ‍ॅन ब्रिग्जकडून. ही बाई म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे, काय आवाज, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच सगळं सोडून निघून गेली. ब्रिग्जला ते मिळालं ए. एल. लॉइडकडून, हा गाणी गोळा करणारा अभ्यासक, आणि त्याच्या मागे बीबीसीच्या संग्रहातलं आयरिश ट्रॅव्हलर समाजातल्या, म्हणजे तिकडच्या फिरस्त्या लोकांतल्या गायकांचं पन्नासच्या दशकातलं रेकॉर्डिंग.

इथपर्यंत दुसऱ्या पार्टीचं बरोबर आहे. चाल कुणाची? सगळ्यांची. पण असली गाणी पूर्वी बहुतेक नुसत्या गळ्यावर गायली जायची, साथीला काही नाही. जान्शनं त्या चालीखाली जी गिटार बसवली, तो अंगठ्यानं चालणारा खर्ज आणि वर ते अडखळत अडखळत जाणारे सूर, ते सगळं त्याच्या डोक्यातून आलेलं होतं. आणि पेजनं काय केलं? शब्द काढून टाकले, गाणाऱ्याची चाल बाजूला ठेवली, आणि नेमकी ती गिटार उचलली. म्हणजे बघा, जे सगळ्यांचं होतं ते सोडून दिलं आणि जे एकट्या माणसाचं होतं ते घेतलं, आणि खाली लिहिलं, जिमी पेज. जान्शच्या रेकॉर्ड कंपनीनं वकिलांना विचारलं होतं, पण मूळ चाल पारंपरिक, तेव्हा कोर्टात सिद्ध काय करणार, म्हणून ते तिथेच राहिलं. फोकच्या नावाखाली असं होतं, की कायद्याला चाल दिसते आणि बोटं दिसत नाहीत.

पण थांबा, पहिल्या पार्टीनं लगेच टाळ्या वाजवायचं कारण नाही. अल स्ट्युअर्ट (तोच, 'इयर ऑफ द कॅट'वाला) सांगतो की पेजला हा तुकडा त्यानं दाखवला, आणि दाखवताना गिटारचं ट्यूनिंग चुकीचं सांगितलं. जान्श ड्रॉप डी मध्ये (फक्त सगळ्यात जाड तार खाली उतरवून) वाजवायचा, स्ट्युअर्टला वाटलं की डीएडीजीएडी (सहा तारा या सहा सुरांत लावायची पद्धत) आहे, आणि पेजनं ते तसंच उचललं. आता हे डीएडीजीएडी कुठून आलं तर डेव्ही ग्रॅहमकडून, ज्याची आई गयानाची आणि वडील स्कॉटिश, आणि जो मोरोक्कोत जाऊन तिथल्या ऊदवाल्यांबरोबर (ऊद म्हणजे अरबी तंतुवाद्य) वाजवता यावं म्हणून तारा अशा लावायला लागला. वर झेपलिनच्या रेकॉर्डिंगला तबल्यावर आहेत विराम जसाणी. आयर्लंडची चाल, स्कॉटलंडचा हात, मोरोक्कोत लावलेल्या तारा आणि आपला तबला, हे सगळं दोन मिनिटांत. ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो, ते मी नाकारत नाही. चोरीचा माल म्हणून मी ते बंद केलेलं नाही आणि करणारही नाही. माझी तक्रार फक्त त्या बारीक अक्षरांबद्दल आहे, नावाखालच्या.

त्याच अल्बमवर 'बेब आय'म गॉना लीव्ह यू' आहे. त्याच्यावर तर "पारंपरिक, मांडणी जिमी पेज" असंच छापलेलं होतं. पेजनं ते अमेरिकन फोक गायिका जोन बाएझच्या १९६२ च्या रेकॉर्डवर ऐकलेलं, तिथेही सुरुवातीला पारंपरिकच लिहिलेलं, मग त्याचा दोष किती? त्या काळात अ‍ॅकॉस्टिक गिटार आणि उदास चाल असली की छापून टाकायचं पारंपरिक, अशी पद्धतच होती बहुतेक. प्रत्यक्षात ते गाणं पन्नासच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात बर्कलीला अ‍ॅन ब्रेडन नावाच्या बाईनं लिहिलेलं. तिला झेपलिननं ते केलंय हे कळलं ऐंशीच्या दशकात! मग १९९० पासून तिचं नाव आलं, मागचे पैसे मिळाले. तर दुसऱ्या पार्टीला माझं एवढंच म्हणणं आहे की बाबांनो, ते गाणं कुणाच्या बापाचं नव्हतं हे मान्य, पण त्याला आई होती आणि ती जिवंत होती.

हे असं फक्त रॉकवाल्यांचंच होतं असं नाही. अमेरिकन गायक पॉल सायमननं 'एल कोंडोर पासा' घेतलं ते लोस इन्कास नावाच्या ग्रुपकडून ऐकून, त्यांनी त्याला सांगितलं की जुनी लोकधुन आहे, त्यानं प्रामाणिकपणे विश्वास ठेवला. धुन होती पेरूच्या दानिएल अलोमिया रोब्लेसची, १९१३ सालची, आणि त्याच्या मुलानं केस केली, ती गोडीगुलाबीनं मिटली. आपल्याकडचं बघायचं तर 'हांव सायबा पलतडी वयतां' ही देखणी (गोव्यातला गाण्या-नाचाचा एक प्रकार). किती जणांना वाटतं की हे गोव्याचं लोकगीत आहे, कुणी केलं माहीत नाही, पिढ्यान् पिढ्या चालत आलं वगैरे. कार्लुस एउजेनियु फेर्रेरा या माणसानं ती रचलेली आहे, छापलेली आहे. 'बॉबी'मध्ये ती चाल घेतली तेव्हा सगळ्या देशानं ऐकली, फेर्रेराचं नाव किती जणांनी ऐकलं? गाणं फार लोकप्रिय झालं की लोक त्याचा बाप विसरतात, आणि मग त्याला लोकगीत म्हणतात. हा लोकप्रियतेचा दंड आहे एक प्रकारचा.

आता बॉब डिलन, अमेरिकेचा गायक-गीतकार. आमच्यात एक दादा आहेत, वयानं बरेच मोठे, डिलनचे परमभक्त, झेपलिनचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. "अहो दादा, पण डिलननं काय कमी उचललंय?" असं म्हटलं की "त्याची गोष्ट वेगळी" असं म्हणून चहा मागवतात. मला पूर्वी राग यायचा याचा, कारण वेगळी म्हणजे कशी वेगळी ते ते कधी सांगत नाहीत, पण खरं सांगायचं तर थोडी वेगळी आहेच. डिसेंबर १९६२ मध्ये डिलन लंडनला गेला, एकवीस वर्षांचा पोरगा, आणि तिथं त्याला भेटला मार्टिन कार्थी, इंग्लिश फोक गायक. दोघांच्या जन्मात तीन दिवसांचं अंतर, कार्थी २१ मे १९४१, डिलन २४ मे. तो हिवाळा इंग्लंडमधला भयंकर हिवाळा होता आणि कार्थी हा किस्सा अनेकदा सांगतो की त्यांच्याकडे एक मोडका पियानो होता तो ते सरपण म्हणून फोडत होते, कशानं तर सामुराई तलवारीनं. डिलन आडवा आला, अरे हे वाद्य आहे, असं कसं तोडता! आणि थोड्या वेळानं थंडी वाजायला लागल्यावर तोच म्हणाला, मी मारू का एक घाव?

मला हा किस्सा खोटा असला तरी चालेल इतका तो डिलनला फिट बसतो. वाद्याबद्दल आदर खरा, आणि ऊब पाहिजे तेव्हा घाव पण खरा. कार्थीकडून त्यानं 'स्कारबरो फेअर' ऐकलं त्यातून 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' आलं, 'लॉर्ड फ्रँकलिन' ऐकलं त्यातून 'बॉब डिलन्स ड्रीम' आलं, दोन्ही १९६३ च्या 'फ्रीव्हीलिन' अल्बमवर. 'ब्लोइन इन द विंड'ची चाल गुलामगिरीच्या काळातल्या 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक'वरून. पण इथं घेतली चाल आणि लिहिले नवे शब्द, आणि शब्द असे की त्यांनी मूळ गाण्याची जागा घेतली नाही, शेजारी जाऊन बसले. आणि ही काही डिलनची युक्ती नाही, लोकसंगीत असंच चालत आलंय. आपल्याकडे आंबेडकरी जलशांनी लोकांच्या तोंडातल्या चाली घेऊन त्यात नवा विचार घातला, गणपतीच्या मांडवात सिनेमाच्या चालीवर आरत्या म्हटल्या जातात, त्यात कुणी चोरी म्हणत नाही (आरत्या वाईट असतात हा भाग वेगळा). ऐकणाऱ्याला चाल ओळखीची आहे हे गाणाऱ्यालाही माहीत असतं. लपवाछपवी नाही.

पण दादांचं मला न पटणारं ते पुढे आहे. म्हातारपणी सगळं माफ, असा एक अलिखित नियम आहे फॅन लोकांचा. २००६ साली 'मॉडर्न टाइम्स' आला, डिलन पासष्ट वर्षांचा, आणि त्यात 'रोलिन अँड टंबलिन' गाण्याखाली नाव एकट्या बॉब डिलनचं. अहो, हे गाणं हॅम्बोन विली न्यूबर्ननं १९२९ मध्ये रेकॉर्ड केलेलं, मडी वॉटर्सनं पन्नास साली गाजवलेलं, चाल तीच, नाव तेच, सुरुवात तीच. शब्द बरेचसे बदललेत, कबूल. पण एकवीस वर्षांचा खिसा रिकामा असलेला पोरगा जे करतो आणि ज्याच्याकडे सगळं काही आहे असा म्हातारा जे करतो त्याला एकच माप लावायचं? माझ्या मते म्हाताऱ्याला जास्त कडक लावलं पाहिजे. अल्बम मला अतिशय आवडतो, हे दादांना सांगूनही त्यांना वाटतं की मी त्यांच्या देवाला शिव्या घालतोय.

आणि मग कार्थीचं खरं दुखणं पॉल सायमन. सायमन १९६५ च्या सुमारास लंडनमध्ये होता, कार्थीची 'स्कारबरो फेअर'ची मांडणी त्यानं ऐकली, शिकला, आणि १९६६ मध्ये सायमन अँड गारफंकलच्या अल्बमवर ती आली, नंतर 'द ग्रॅज्युएट' सिनेमामुळे जगभर गेली. खाली नावं सायमन आणि गारफंकल. कार्थीच्या मनात ती अढी कित्येक वर्षं राहिली, शेवटी २००० साली लंडनच्या कार्यक्रमात सायमननं त्याला स्टेजवर बोलावलं आणि दोघांनी ते गाणं एकत्र गायलं. आमच्यातल्या एकाचं म्हणणं की बघ, मिटलं ना, मग तू कशाला उकरतोस. मी उकरतो कारण कार्थीच्याही मागे कुणीतरी आहे. त्याला गाणं मिळालं ते इवन मॅकोल आणि पेगी सीगर या फोक गायक जोडप्याच्या पुस्तकातून, आणि मॅकोलला मिळालं ते उत्तर इंग्लंडमधल्या टीसडेलच्या मार्क अँडरसन नावाच्या निवृत्त शिसे-खाण कामगाराकडून, चाळीसच्या दशकाच्या शेवटी. हा म्हातारा गायला नसता तर ना डिलनचं ते गाणं, ना सायमनचं, ना ती सिनेमातली जादू. खाणीतून आयुष्यभर शिसं काढलं आणि म्हातारपणी हे दिलं. त्याला कुणी स्टेजवर बोलावलं नाही, १९५३ लाच गेला तो.

याच्यावर आपल्या जुन्या लोकांनी फार हुशार बंदोबस्त केला होता असं मला कधी कधी वाटतं. नाव गाण्यातच घालून टाकायचं. 'तुका म्हणे' काढलं तर अभंग लंगडा होतो, शाहिरी रचनेत शेवटी होनाजी बाळा येतोच, कोण कशाला पारंपरिक लिहील? ज्यांना ती सोय नव्हती त्या जात्यावरच्या बायका. त्यांच्या ओव्या कुणाच्याच नावावर नव्हत्या, म्हणून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जे काम केलं, लाखावर ओव्या, आणि प्रत्येकीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं, ते मला या सगळ्या भांडणातलं सगळ्यात शहाणं काम वाटतं. ओवी तिची एकटीची नाहीच, तिच्या आज्जीची पण आहे, पण गायली कुणी हे लिहायला काय जातं?

बरं, झेपलिनला हे कळत नव्हतं असंही नाही. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' घ्या. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं गाणं, कॅन्सस जो मकॉय आणि मेम्फिस मिनी यांनी १९२९ मध्ये केलेलं. १९७१ च्या चौथ्या अल्बमवर झेपलिननं ते घेतलं आणि चौघांच्या नावांबरोबर मेम्फिस मिनीचंही नाव टाकलं. मकॉय राहिला, जो मूळ रेकॉर्डवर गातोय तोच राहिला, पण निदान तिचं आलं. हेडली ग्रेंजच्या जुन्या घरात जिन्याखालच्या दालनात त्यांचा ड्रमवाला बॉनम याचे ड्रम ठेवले आणि माइक वर जिन्यातून सोडले, त्यातून तो जो धरण फुटल्यासारखा आवाज निघाला त्याचं मूळ गाण्याशी काही म्हणजे काही नातं नाही. मूळ गाणं दोन गिटारांचं, जवळजवळ हसतखेळत चाललेलं आहे. शब्द घेतले आणि पूर नवा आणला. माझ्या मते घ्यायचं तर असं घ्यावं. आणि नाव टाकल्यानं झेपलिनचं काय कमी झालं? काहीच नाही, आज ड्रम ऐकायला लोक तेच लावतात. मग 'होल लॉटा लव्ह'ला ब्लूज गीतकार विली डिक्सनचं नाव टाकायला १९८५ ची केस का लागावी, 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'साठी मूळ गाणं करणाऱ्या जेक होम्सला २०१० मध्ये कोर्टात का जावं लागावं, याचं उत्तर त्यांचे भक्त देत नाहीत, ते 'स्टेअरवे टू हेवन'ची केस झेपलिन जिंकले ते तोंडावर फेकतात. ती जिंकायलाच पाहिजे होती. असा एकेक सूर खाली उतरणारा खर्ज, ज्यांच्याकडून तो उचलल्याचा आरोप होता त्या स्पिरिट बँडच्याही आधी शेकडो वर्षं लोक वाजवतायत. पण एका केसमध्ये सुटलं म्हणजे बाकीचं धुतलं गेलं असं थोडंच असतं.

यात मुंबईचाही एक तुकडा आहे आणि तो आमच्याकडे फार जिव्हाळ्याचा. १९७२ मध्ये पेज आणि झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोमध्ये वाजवून गेले, आणि इथल्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड केली. कित्येक वर्षं ती चोरट्या टेपांवरच फिरत होती, अधिकृत आली ती २०१५ मध्ये झेपलिनच्या 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत. 'फ्रेंड्स' झकास झालंय. 'फोर स्टिक्स'मध्ये मात्र पाच आणि सहाच्या मात्रांची जी अदलाबदल आहे तिथं मंडळी जरा चाचपडतायत असं मला ऐकू येतं, आणि हे म्हटलं की आमच्यातला तबला शिकलेला मित्र भडकतो, "अरे आपल्या लोकांना पाच मात्रा शिकवतोस?" त्याचं बरोबर असेल, पण एकत्र बसायला वेळ लागतो रे, घाईत घेतलेली टेप आहे ती. ते दोघं मात्र आले होते शिकायला, दोन टेपा आणि थोडी हौस एवढ्यावर, हे त्यांच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे.

प्लांट तर पुढे बराच बदलला. १९९४ मध्ये पेजबरोबर मोरोक्कोत जाऊन वाजवलं, २००७ मध्ये अ‍ॅलिसन क्राउस या अमेरिकन गायिकेबरोबर 'रेझिंग सँड' केला, जवळपास सगळी दुसऱ्यांची गाणी, आणि ज्याचं त्याचं नाव व्यवस्थित खाली. २०२५ मध्ये 'सेव्हिंग ग्रेस' आला तो पण त्याच वाटेचा. माझ्यासाठी प्लांटचं हे म्हातारपण डिलनच्या म्हातारपणापेक्षा जास्त मजेशीर आहे, आणि हे वाक्य मी दादांसमोर अजून उच्चारलेलं नाही.

आणि कार्थी. मे २०२५ मध्ये, बरोबर चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला, त्याचा 'ट्रान्सफॉर्म मी देन इनटू अ फिश' आला, १९६५ च्या पहिल्या अल्बमवरची गाणी परत गायलेला. मर्क्युरी प्राइझच्या (ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षातल्या उत्तम अल्बमचं बक्षीस) यादीत एवढ्या वयाचा माणूस आधी कधीच आला नव्हता. त्यात 'स्कारबरो फेअर' आहे आणि सोबत शीमा मुखर्जींची सतार. आवाज थकलाय, श्वास मध्येच तुटतो, गिटारची बोटं पूर्वीइतकी पळत नाहीत, आमच्यातल्या दोघांनी पहिल्याच मिनिटाला बंद कर म्हणून सांगितलं. तबलावाल्याला सतार आवडली नाही, इंग्रजी गाण्यावर सतार म्हणजे साठच्या दशकातली हौस परत कशाला उगाळायची, असं त्याचं म्हणणं. दादा म्हणाले, डिलनपेक्षा बरा गातोय, आणि दादांच्या तोंडून हे निघणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. मी परत लावलं ते. क्रेडिटमध्ये सतारीसमोर तिचं नाव आहे, हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यावर तबलावाला म्हणाला, "नाव टाकलं म्हणून मला आवडायलाच पाहिजे असं आहे का?"

नाही, तसं अजिबात नाही.